नागपूरचा अजब बंगला

नागपूरच्या सिव्हिल लाईन्स भागात एक जुनी, प्रशस्त व्हरांड्यांची इमारत आहे. सरकारी कागदपत्रांत तिचे नाव 'मध्यवर्ती संग्रहालय' असे आहे. परंतु रिक्षावाल्याला हे नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडण्याचा संभव आहे. 'अजब बंगला' म्हटले की मात्र त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. उत्तर भारतात संग्रहालयाला 'अजायबघर' म्हणतात. नागपूरकरांनी त्याच शब्दाला आपल्या वळणाचे रूप दिले असावे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, यवतमाळ अशा ठिकाणांहून शहरात कामासाठी आलेली माणसे हाती दोन तास उरले की लेकराबाळांना घेऊन येथे येतात. पेंढा भरलेला वाघ, काचेमागचे पक्षी, जुन्या तलवारी, दगडी मूर्ती आणि आदिवासींचे दागिने पाहून ती परत जातात. कोलकात्याच्या किंवा मुंबईच्या भव्य संग्रहालयांपुढे हे संग्रहालय लहानच आहे. तथापि एका विशिष्ट प्रदेशाची माती, त्या मातीतील प्राणी आणि त्या मातीवर राहणारी माणसे यांचा एकत्र परिचय करून देणारे असे ठिकाण या परिसरात विरळाच.

या संग्रहालयाची स्थापना इ.स. १८६३ मध्ये झाली. त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १८६१ मध्ये, नागपूरचा प्रदेश आणि सागर व नर्मदा खोऱ्यातील प्रदेश एकत्र करून इंग्रजांनी 'मध्य प्रांत' नावाचा नवा प्रांत निर्माण केला होता आणि नागपूर ही त्याची राजधानी ठरवली होती. या प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने संग्रहालय उभे राहिले. नव्या प्रांतात कोणते दगड आहेत, कोणती झाडे आहेत, कोणते पशुपक्षी आहेत आणि कोणते लोक राहतात, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. जमिनीत कोळसा असेल तर तो कोठे, जंगलात साग असेल तर तो किती, हे जाणून घेण्याची त्यांना निकड होती. संग्रहालयाच्या जन्मामागे जिज्ञासा होती हे खरे. पण ती जिज्ञासा निर्मळ आणि निर्हेतुक होती असे म्हणता येणार नाही.

प्रांताचा हा इतिहास लक्षात घेतला की संग्रहालयातील एक कोडे उलगडते. महाराष्ट्र शासनाच्या या संग्रहालयात बालाघाट, मंडला, रायपूर अशी नावे प्रेक्षकाला का भेटतात? कारण या वस्तू आल्या तेव्हा ही सर्व ठिकाणे एकाच प्रांतात होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तत्कालीन मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात राहिले आणि २००० मध्ये पलीकडचे छत्तीसगड हेही स्वतंत्र राज्य झाले. नकाशावरच्या रेषा बदलल्या, वस्तू मात्र जागच्या जागी राहिल्या. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये गुराखी मुलांमुळे उजेडात आलेल्या ४२४ ताम्रवस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे यांची कथा तर आणखी निराळी आहे. जमिनीत हजारो वर्षे एकत्र राहिलेला तो साठा उजेडात येताच विखुरला. त्यातील काही वस्तू नागपुरास राहिल्या, काही सातासमुद्रापार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

संग्रहालयातील जीवाश्मांपुढे सामान्य प्रेक्षक फारसा थांबत नाही. दगडावर उमटलेले एखादे पान, शंखाचा ठसा किंवा हाडाचा तुकडा वाघाच्या जबड्याइतका लक्षवेधी नसतो. असे असले तरी नागपूरच्या परिसराने जगाला जे एक मोठे नाव दिले, त्याची सुरुवात अशाच दगडांतून झाली.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. त्यांनी शाळा काढली. पुढे त्यांच्या नावाने महाविद्यालयही निघाले. पण धर्मप्रसार आणि अध्यापन यांबरोबरच त्यांना दगडांचे वेड होते. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरभोवतीच्या टेकड्या, नाले आणि खाणी पायाखाली घातल्या. नागपूरच्या दक्षिणेस मांगली या गावी त्यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. १८५५ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. 'डायनोसॉर' हा शब्द रूढ करणारे ते हेच ओवेन. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या भूस्तरांत सापडणाऱ्या वनस्पतींपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे ग्लोसोप्टेरिस. तिचे पान जिभेच्या आकाराचे असते. मधून एक ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. नावाचा ग्रीक अर्थही 'जिभेसारखी नेचे' असाच आहे, मात्र ती नेचा नव्हती, बिया धारण करणारी वनस्पती होती. सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वी तिची दाट अरण्ये येथे उभी होती. तीच अरण्ये दलदलीत गाडली गेली, त्यांच्यावर वाळू व चिखलाचे थर साचले आणि काळाच्या ओघात त्यांचा दगडी कोळसा झाला. उमरेड, कामठी किंवा चंद्रपूरच्या खाणींतून आज जो कोळसा निघतो, तो या अरण्यांचाच अवशेष होय.

नवल असे, की हेच पान ऑस्ट्रेलियात सापडले, दक्षिण आफ्रिकेत सापडले, दक्षिण अमेरिकेत सापडले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मृत्युमुखी पडले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड मिळाले. अंगात त्राण उरलेले नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांतही ग्लोसोप्टेरिसची पाने निघाली. अफाट महासागरांनी विलग केलेल्या या भूभागांवर एकच वनस्पती कशी वाढली असेल, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ एका विलक्षण कल्पनेपर्यंत आले. हे सारे भूभाग एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते, ही ती कल्पना होय.

या महाखंडाला नाव मिळाले ते गोंड लोकांच्या देशावरून. भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातील या स्तरांसाठी 'गोंडवाना' हा शब्द योजला, तो १८७६ मध्ये छापील स्वरूपात आला आणि ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये संपूर्ण प्राचीन भूखंडाला 'गोंडवानालँड' असे नाव दिले. आज जगातील कोणत्याही भाषेतील भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द असतो. त्या नावातील 'गोंड' म्हणजे कोण, हे मात्र ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्याला बहुधा ठाऊक नसते. आणि खरे सांगायचे तर भारतातीलही अनेकांना ते सांगता येत नाही.

हिस्लॉप यांना ते नीट ठाऊक होते. दगडांइतकाच त्यांनी गोंडांच्या भाषेचा आणि परंपरेचा अभ्यास केला. गोंडांचे परंपरागत गायक म्हणजे परधान. त्यांच्या तोंडून लिंगोची दीर्घ कथा हिस्लॉप यांनी गोंडी भाषेत टिपून घेतली. काचीकोपा लोहागड येथील गुहेत कोंडलेल्या गोंड देवांची लिंगोने सुटका केली, अशी ती कथा आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा हेच ते स्थान, अशी श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे दरवर्षी मोठी यात्रा भरते. ही सामग्री हिस्लॉप यांच्या हातून छापली गेली नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना ओढ्याला आलेल्या पुरात ते बुडाले. संग्रहालय स्थापन झाले ते वर्षही हेच. त्यांचे कागद टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

जीवाश्मांकडून प्राणी आणि पक्षी यांच्याकडे वळले की प्रेक्षकांची गर्दी वाढते आणि मुलांचे आवाजही वाढतात. 'हा खरा आहे का?' हा येथे सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असावा. त्याचे प्रामाणिक उत्तर 'अर्धा' असे द्यावे लागेल. पेंढा भरलेल्या प्राण्याची कातडी, केस किंवा पिसे खरी असतात. मांस व बहुतेक हाडे काढून टाकलेली असतात. आत लाकूड, तार, कापूस किंवा भुसा असतो आणि डोळे काचेचे असतात. कीड लागू नये म्हणून पूर्वी कातडीला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, लेप देत असत. म्हणूनच संग्रहालयातील जुन्या प्राण्यांना हात लावू नये ही सूचना केवळ शिस्तीसाठी नसते. कसर, बुरशी, दमट हवा आणि ऊन हे या वस्तूंचे चार शत्रू. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा हे दोन्ही त्यांना सोसावे लागतात. एखाद्या पक्ष्याचा रंग विटलेला दिसला तर तो त्याचा मूळ रंग नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

जिवंत पक्षी रानात पाहता येतात, मग मेलेले पक्षी जपून ठेवण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप घेतला जातो. आजच्या काळात केवळ शोभेसाठी प्राणी मारून पेंढा भरणे कोणीही समर्थनीय मानणार नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते शक्यही राहिलेले नाही. परंतु जे नमुने पूर्वीच जमा झाले आहेत, ते त्या त्या काळाचे साक्षीदार असतात. या साक्षीचे मोल किती, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून समजते.

रानपिंगळा हा लहानसा, मोठ्या डोक्याचा घुबडवर्गीय पक्षी. शास्त्राला त्याची ओळख झाली ती याच मध्य प्रांतातून. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लुइट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात तो मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी ब्लुइट यांच्या नावावरून त्याला 'ब्लुइटाय' हे शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. जगातील सर्व संग्रहालये मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. डिलन रिप्ली यांच्यासारख्या नामांकित पक्षितज्ज्ञांनी शोध घेऊनही तो आढळला नाही. तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी मानले.

या शोधात एक अडचण होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे रानपिंगळा मिळाल्याचे नमूद करून ठेवले होते. नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तसे लिहिलेलेही होते. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. तो पक्षी माइनर्ट्‌झहागेन यांनी मिळवलेलाच नव्हता. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, त्यात पुन्हा पेंढा भरून, खोटी चिठ्ठी बांधून त्यांनी तो आपला म्हणून मिरवला होता. म्हणजे मांडवीत शोधणे व्यर्थ होते. खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली, मग ते खानदेशात उतरले. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, पानगळ झालेल्या झाडावर, भर दिवसा रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनंतरचे ते दर्शन होते. पुढे मेळघाटात आणि तानसाच्या जंगलातही तो आढळला.

काचेच्या कपाटात पक्ष्याइतकीच त्याच्या पायाची चिठ्ठी का महत्त्वाची असते, हे यावरून ध्यानात यावे. नमुना कोठे मिळाला, केव्हा मिळाला, कोणी मिळवला, या तीन गोष्टींवाचून तो शोभेची वस्तू ठरतो. आणि चिठ्ठी खोटी असेल तर तो प्रत्यक्ष हानी करतो. एका खोट्या चिठ्ठीने जाणत्या माणसांना चुकीच्या रानात शोधत ठेवले.

चिठ्ठीचा हा विचार मनात घेऊनच आदिवासी कलेच्या दालनात शिरावे. येथे गळ्यातील सरी आणि नाण्यांच्या माळा आहेत, हातापायांतील जड वाळे आहेत, वाद्ये आहेत, शिकारीची व घरगुती वापराची साधने आहेत, लाकडातील कोरीवकाम आहे. अशा बहुतेक वस्तूंच्या नामपट्टीवर जमातीचे नाव असते. 'गोंड', 'माडिया', 'कोरकू' एवढाच उल्लेख. ती वस्तू कोणी घडवली, कोणासाठी घडवली, ती अंगावर घालणारी बाई कोण होती, हे पट्टी सांगत नाही. ब्लुइट यांनी मारलेल्या घुबडाचा दिनांक आणि ठिकाण सव्वाशेहून अधिक वर्षे जपले जाते आणि एका कसबी माणसाचे नाव मात्र टिपूनही ठेवले जात नाही, ही विसंगती बोचल्याखेरीज राहत नाही.

ही विसंगती नागपूरच्या एका संग्रहालयापुरती नाही; जुन्या काळातील सर्वच संग्रहालयांत ती आढळते. तिचे मूळ त्या काळच्या दृष्टीत आहे. १८६६-६७ मध्ये जबलपूर येथे सरकारने एक मोठे प्रदर्शन भरवले. त्यात शेतमाल आणि कारागिरीच्या वस्तूंबरोबर मध्य प्रांताच्या डोंगराळ भागांतून आदिवासी स्त्रीपुरुषांनाही आणण्यात आले होते. एका समितीने त्यांचे निरीक्षण केले आणि त्यांच्याविषयीचा अहवाल नागपुरास छापला. त्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांना 'नमुने' म्हटले आहे. दगडाचा नमुना, धान्याचा नमुना, पक्ष्याचा नमुना, तसाच माणसाचा नमुना. एकाच इमारतीत वन्य प्राणी आणि वन्य म्हणवली गेलेली माणसे यांची मांडणी करण्याची कल्पना याच विचारातून आली.

परंतु गंमत अशी, की हीच मांडणी उलट्या बाजूने वाचली तर तिच्यातून काही वेगळेच हाती लागते. प्राण्यांच्या दालनात रानगवा असतो. त्याची काळी, चकचकीत, वळलेली शिंगे पाहून घ्यावीत आणि मग इंद्रावतीच्या दक्षिणेकडे राहणाऱ्या दंडामी माडियांच्या नृत्यमुकुटाचा विचार करावा. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात या जमातीला या मुकुटावरूनच 'गव्याच्या शिंगांचे माडिया' असे नाव दिले. दोन शिंगांच्या मध्ये पिसांचा तुरा आणि चेहऱ्यावर झुलणारी कवड्यांची झालर असा हा मुकुट लग्नसमारंभात ढोल वाजवणारे पुरुष धारण करतात. नाचता नाचता दोन नर्तक गव्यांप्रमाणे झुंजीचा आविर्भाव करतात. जो माणूस रानात गवा पाहतो, त्याचे चालणे, मान झुकवणे, फुरफुरणे वर्षानुवर्षे निरखतो, तोच असा नाच करू शकतो. त्या अर्थी हा मुकुट म्हणजे प्राणिशास्त्राचाच एक ग्रंथ आहे, मात्र तो शब्दांत लिहिलेला नाही. शिवाय त्यावरच्या कवड्या समुद्रातल्या! बस्तरच्या घनदाट अरण्यात त्या पोहोचल्या म्हणजे तेथवर व्यापाराच्या वाटा पोहोचल्या होत्या. आदिवासी जगापासून तुटून राहत होते, या समजुतीला मुकुटावरच्या कवड्याच उत्तर देतात.

तुंबा ही अशीच दुसरी वस्तू. तो कलेच्या दालनात ठेवावा की वनस्पतींच्या, हे ठरवणे अवघड आहे. दुधी भोपळ्याच्या जातीचे फळ वेलावरच जून होऊ देतात. ते पूर्ण वाळले की देठाकडे छिद्र पाडून आतला गर आणि बिया काढून टाकतात. राहते ते हलके, कठीण आणि पाणी न झिरपणारे भांडे. काही ठिकाणी फळ कोवळे असतानाच त्याला दोरीने आवळून हवा तसा आकार देतात. म्हणजे भांडे घडवण्याचे काम कुंभाराच्या चाकाऐवजी वेलावरच सुरू होते. मग तापवलेल्या सुरीच्या टोकाने त्याच्या पिवळसर अंगावर काळ्या रेषांची नक्षी उमटवतात. रानात जाताना पाणी, पेज किंवा सल्फीचा रस नेण्यासाठी तुंबा खांद्याला अडकवला जाई. त्यातले पाणी गार राहते. तो जाळला, फोडला, फेकला तरी जमिनीला त्याचा उपद्रव नाही. आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या बाटल्या दोनपाच रुपयांना मिळू लागल्यापासून त्याचा वापर मागे पडत चालला आहे, आणि शहरांतील दुकानांत तो दिव्याचे आवरण म्हणून विकला जातो.

बस्तरचे घडवे कारागीर ज्या पद्धतीने पितळेच्या मूर्ती ओततात, तीही रानाशी अशीच जोडलेली आहे. मातीचा गाभा करून त्यावर मधमाश्यांच्या मेणाचे दोरे गुंडाळत आकृती साकारतात. डोळे, दागिने, केस, सारे मेणाच्या बारीक दोऱ्यांचे. त्यावर मातीचे लेप चढवून साचा भट्टीत तापवला की मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ भरते. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एकासारखी दुसरी मूर्ती कधीच होत नाही. मोहेंजोदडो येथे सापडलेली नर्तिकेची प्रसिद्ध मूर्तीही मेण गाळण्याच्या याच तत्त्वावर ओतलेली आहे.

सर्वच वस्तू एवढ्या निःसंकोचपणे पाहता येतात असे मात्र नाही. कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळी कोरतात. तिच्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र अशा आकृती असतात आणि ती विधिपूर्वक गावाबाहेर झाडाखाली उभी करतात. तिला 'मुंडा' म्हणतात. अशी फळी एखाद्या संग्रहालयात दिसली तर ती कोरीवकामाचा सुंदर नमुना म्हणून पाहायची, की कोणा कुटुंबाच्या पूर्वजाची खूण म्हणून? ती उन्हापावसात झिजून मातीला मिळणे हेच तिचे विहित असेल, तर तिला जपणे योग्य की अयोग्य? संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. एवढे निश्चित, की या प्रश्नाचे उत्तर देताना कोरकूंना विचारले पाहिजे, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वस्तू गोळा करणाऱ्यांनी तसे क्वचितच विचारले.

मुरिया तरुण लाकडाच्या फण्या कोरतात आणि आपल्या आवडत्या मुलीला देतात. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावरील १९४७ च्या ग्रंथात या फण्यांविषयी विस्ताराने लिहिले आहे. ज्या मुलीच्या केसांत अधिक फण्या, तिचा मान अधिक. कपाटातील फणीखाली 'लाकडी फणी' एवढीच पट्टी असली, तर ती चूक ठरणार नाही; पण प्रेमपत्रावर 'कागद' अशी पट्टी लावण्यासारखेच ते होईल.

कलावंताचे नाव न लिहिण्याची ही रीत अलीकडच्या काळात बदलू लागली आहे. मध्य प्रदेशातील पाटणगड गावचे जनगढसिंह श्याम हे परधान तरुण १९८० नंतरच्या काळात भोपाळच्या भारत भवनात आले. परधान म्हणजे लिंगोची कथा गाणारेच लोक. वाद्य वाजवून देवांच्या कथा गाणाऱ्या घराण्यातील या मुलाने त्या देवांना रंगांत आणि कागदावर उतरवले. त्यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाली. २००१ मध्ये, ऐन उमेदीत, जपानमध्ये असताना त्यांचा मृत्यू झाला. आज त्यांच्या गावातील अनेक जण चित्रकार आहेत, प्रत्येक जण आपल्या चित्रावर सही करतो आणि या शैलीला 'जनगढ कलम' असे एका माणसाचे नाव मिळाले आहे. कोंडागावचे जयदेव बघेल हे धातुकाम करणारे घडवे कलावंतही असेच नावाने ओळखले गेले. गुजरातेत तेजगढ येथील आदिवासी अकादमीने तर 'वाचा' नावाचे संग्रहालय उभारताना काय ठेवायचे आणि त्याविषयी काय सांगायचे, यात आदिवासींनाच वाटेकरी केले.

जुन्या संग्रहालयाला हे सारे एका दिवसात करता येणार नाही. हरवलेली नावे परत मिळणेही कठीण आहे. तरीही नामपट्टी ही छापलेली गोष्ट असते, दगडात कोरलेली नव्हे, आणि ती बदलता येते. गोंडी, माडिया किंवा कोरकू भाषेतील वस्तूचे मूळ नाव तिच्यावर घालता येते. एखाद्या वाद्याशेजारी त्याचा आवाज ऐकवता येतो. भामरागड, धारणी किंवा सालेकसा येथून आलेल्या एखाद्या वृद्धेला कपाटापुढे नेऊन 'हे काय आहे?' असे विचारता येते. तिला जे ठाऊक असेल ते तिच्यानंतर विचारायला कोणी उरणार नाही, ही घाई मात्र लक्षात ठेवावी लागेल. जीवाश्म पंचवीस कोटी वर्षे थांबला, आणखी काही वर्षे थांबेल. माणसाच्या आठवणीचे तसे नसते.

अजब बंगल्यास भेट देणाऱ्याने म्हणूनच सर्व दालने एका दमात संपवण्याचा आग्रह धरू नये. तास-दोन तासांत हजारो वस्तूंवरून नजर फिरते, पण मनात एकही राहत नाही. त्याऐवजी एखादाच पक्षी, एखादाच दगड आणि एखादाच दागिना निवडावा आणि त्यापुढे थांबावे. जवळ वही असेल तर त्याचे रेखाचित्र काढावे. चित्र चांगले आले नाही तरी चालते, कारण काढताना वस्तू नीट पाहावी लागते. मग पट्टी वाचावी. तिच्यात काय लिहिले आहे ते उतरवून घ्यावे आणि त्याखाली काय लिहिलेले नाही तेही लिहावे: कोणी केले, कशासाठी केले, त्याच्या भाषेत याला काय म्हणतात, आणि हे येथवर कसे आले. वहीतील हा दुसरा भाग बहुधा पहिल्यापेक्षा मोठा होतो.